हाडाची डॉक्टर

लेसोथोच्या डोंगरात, हा-सेनेकानेच्या दवाखान्यात
माझ्या हातून सतरा रजिस्टरं भरली.
तारीख, नाव, गाव, तक्रार, औषध,
आणि शेवटचा रकाना: डॉक्टरांची सही.
तिथं मी एकोणीस वर्षं आडवी रेघ मारली.
पट्टी लागायची नाही.
हाताला सवय झाली होती.

डॉक्टर म्हणजे घाटाखाली.
घोड्यावर सात तास, मग बस,
जूनमध्ये बर्फ पडला की तेही नाही.
मामेलोची सून घोड्यावरच गेली, पोटातल्यासकट.
नवव्या रजिस्टरात आहे ती. तक्रारीच्या रकान्यात
मी 'उशीर' लिहिलंय.

मग सरकारनं खाउहेलोला निवडलं,
लोकर कातरणाऱ्या सेआबाताची धाकटी.
फी सरकारची, खोली सरकारची, पुस्तकंही.
बदल्यात एक कागद: शिकून ये,
पाच वर्षं डोंगरात राहा.
खाली साक्षीदार म्हणून मी.

पहिल्याच पत्रात तिनं कळवलं,
माणसात दोनशे सहा हाडं असतात, सगळी पाठ करायचीत.
म्हाताऱ्या मोलेत्सानेनं ते मला दोनदा वाचायला लावलं.
सोन्याच्या खाणीतून आणलेली त्याची छाती
श्वासागणिक शिटी वाजवायची.
म्हणाला, सरकार म्हणजे कोण गं?
माझ्या तंबाखूत कर, तुझ्या मेणबत्तीत कर.
हाडाची काडं केली आपण,
मग तिची हाडं वाटून घ्यायला काय हरकत?

आणि बाकावर बसून त्यानं खरंच वाटली.
उजव्या मांडीचं स्वतःला, तीस वर्षांच्या तंबाखूपोटी.
कवटी बिअर विकणाऱ्या मांथाबिसेंगला,
तिच्याशी कोण भांडणार?
मला गुडघ्याची वाटी.
गुराख्याच्या पोरानं, लेफानं, नुसत्या काडेपेट्याच घेतलेल्या;
त्याला कानातलं सगळ्यात लहान हाड,
रिकिबीसारखं दिसणारं.
पोरगं हरखलं. त्याच्या खोगिराला एकच रिकीब होती.

मामेलोच्या सुनेचं नाव कुणी घेतलं नाही.
मीठ तर तिनंही विकत घेतलं होतं.

खाउहेलो आली. शेवटच्या रकान्यात
बारीक, तिरकी सही पडली,
मी त्या पानावर उगीचच हात फिरवला.
मोलेत्सानेला तिनं खोटं सांगितलं नाही:
फुफ्फुसांचा दगड झालाय, बाबा.
तो म्हणाला, ठाऊक होतं,
पण कुणी कान लावून सांगितलं नव्हतं.
हिवाळ्याआधीच गेला. मांडीचं हाड
कुणाच्या नावे करायचं ते राहूनच गेलं.

त्या पाच वर्षांत घोड्यावर कुणी मेलं नाही, असं नाही.
दोघी. आधी सहा असायच्या.

येत्या शुक्रवारी कागदाची मुदत संपते.
टेबलावर सरहद्दीपलीकडच्या इस्पितळाचं पाकीट आहे,
फोडलेलं. पगाराचा आकडा मला दिसला,
मी दिसला नाही असं केलं.
एकतीस वर्षांची आहे ती.
संध्याकाळी फोनला रेंज मिळावी म्हणून टेकडी चढते,
घोंगडीत गुरफटून बोलत राहते,
आणि उतरताना डोळे पुसते की वारा असतो,
खालून कळत नाही.
खाल्ल्या मिठाला जागावं, हे मला पटतं.
पण मीठ मोजायला बसलं की
किती वर्षांनी म्हणायचं, फिटलं?

आज लेफा पायाला पट्टी बांधून घ्यायला आला.
मिसरूड फुटलंय आता.
विचारतो, डॉक्टर, घोड्यात किती हाडं?
ती हसली. दोनशे पाच.
म्हणजे आपल्यात एक जास्त?
हो.
ते कुणाचं?

तिनं गाठ मारली, कात्रीनं टोक कापलं,
आणि म्हणाली, पाय ओला करू नकोस.

मी अठरावं रजिस्टर आखायला घेतलंय.
शेवटचा रकाना आखताना
पट्टी शोधावी लागली.